शाळा अनाथ नाही!

जून महिन्याचा दुसरा पंधरवडा उजाडला, की पेणकरपाड्याच्या रस्त्यावर रोज सकाळी दोन मिरवणुका निघतात. एक असते पिवळ्या बसगाड्यांची; दुसरी पायी चालणाऱ्यांची. पहिली खाजगी इंग्रजी शाळांच्या दिशेने जाते, दुसरी महापालिकेच्या शाळेकडे. पहिलीत बहुधा आमची, म्हणजे हे वृत्तपत्र वाचणाऱ्या वर्गाची मुले असतात. दुसरीत असतात ती आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची, आमच्या इमारतीच्या फाटकावर रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्याची आणि आसपासच्या कारखान्यांच्या गाळ्यांत राबणाऱ्या कामगारांची. दोन्ही मिरवणुका एकाच रस्त्यावरून जातात, पण एकमेकींकडे पाहत नाहीत. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते ह्या दुसऱ्या मिरवणुकीविषयी. आणि तिच्याकडे न पाहण्याच्या आमच्या सवयीविषयीही.

पेणकरपाडा हे नावच सांगते, की येथे मुळात एक पाडा होता. खाडी, मिठागरे आणि भातखाचरे ह्यांच्या प्रदेशातील ही वस्ती. आज एका बाजूस द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या बाजूस मीरा रोडच्या उंच इमारती आणि जवळच मेट्रोच्या नवव्या मार्गिकेचे खांब, असा तिला वेढा पडला आहे. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत ह्या शहराची वस्ती पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांच्या पुढे गेली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर पोहोचली. वीस वर्षांत माणसे साडेचारपट झाली. इमारती वाढल्या, घरपट्टी वाढली, मोटारी वाढल्या. परंतु पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू अशा चारही माध्यमांच्या मिळून मोजल्या, तरी तीन डझनांच्या आसपासच राहिल्या. शहर ज्या वेगाने वाढले त्या वेगाने त्याची सार्वजनिक शाळा वाढली नाही, ही वस्तुस्थिती प्रथमच मान्य केलेली बरी.

अशा शाळांच्या मदतीस आज पुष्कळ हात पुढे येत आहेत. कोणी संगणक देतो, कोणी ग्रंथालयाची कपाटे, कोणी भिंती रंगवून देतो, कोणी मुलांचे डोळे तपासतो, तर कोणी मागे पडलेल्या मुलांसाठी जादा वर्ग चालवितो. ही मदत वाईट आहे असे कोण म्हणेल? धर्माची गाय आणि दात का नाय, असे विचारण्याचा आमचा हेतू नाही. परंतु गाय कोणाच्या गोठ्यात बांधली जाते, तिला चारा कोण घालतो आणि दाता निघून गेल्यावर तिचे काय होते, एवढे विचारण्याचा अधिकार गोठ्याच्या मालकास खचितच आहे. आणि सार्वजनिक शाळेच्या बाबतीत नेमके हेच कोणी विचारीत नाही.

ह्या न विचारण्याचा कळस महाराष्ट्र शासनाच्या २०२३ सालच्या सप्टेंबरातील निर्णयाने गाठला. त्यान्वये दात्यांनी सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा पाच अथवा दहा वर्षांसाठी 'दत्तक' घ्याव्यात, अशी योजना मांडण्यात आली. मदत रोख नव्हे, तर वस्तू व सेवा ह्यांच्या रूपाने करावयाची. अ व ब वर्गांच्या महानगरपालिकांच्या क्षेत्रात पाच वर्षांसाठी दोन कोटी व दहा वर्षांसाठी तीन कोटी रुपये, तर ग्रामीण भागात ५० लाख व एक कोटी रुपये, असे तिचे मोल ठरविण्यात आले. आणि दात्याची इच्छा असल्यास त्या मुदतीपुरते त्याचे नाव शाळेच्या नावास जोडण्याची मुभाही देण्यात आली.

हा शब्द कोणी निवडला ते आम्हांस ठाऊक नाही. पण ज्याने निवडला त्याने दत्तकविधान म्हणजे काय ह्याचा पुरता विचार केलेला दिसत नाही. मराठी माणसाला दत्तक ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्यापायी आपल्या इतिहासात राज्ये गेली आहेत. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे एकदा विधिपूर्वक झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही, आणि दत्तक गेलेल्या मुलास नव्या घरातील औरस अपत्याचे सर्व हक्क मिळतात. येथे मात्र मुलाने नाव तेवढे बदलावयाचे. वारसा काही नाही. आणि दहा वर्षे भरली की नाव उतरवून पुन्हा मूळ घरी परतावयाचे. ह्याला दत्तक म्हणत नाहीत. ह्याला फार तर मुदतीचा भाडेपट्टा म्हणता येईल. शिवाय ज्याचे मायबाप जिवंत आहेत आणि ज्यांनी मूल देण्यास संमती दिलेली नाही, त्याचे दत्तकविधान कोणत्या शास्त्रात बसते? शाळेचे मायबाप जिवंत आहेत. एक तर ती पालिका, जिच्यावर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्या हद्दीतील प्रत्येक मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. आणि दुसरे ते पालक, ज्यांची मुले त्या बाकांवर बसतात. शाळा अनाथ नाही. तिला अनाथ म्हणून उभे करणे हा तिच्या मायबापांचा अपमान आहे, आणि त्यांपैकी एकाला आपल्या कर्तव्यातून निसटण्यासाठी दिलेली सोयही आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, की तुम्हांस लोकसहभागाचेच वावडे आहे. तसे मुळीच नाही. महाराष्ट्रातील बहुजनांचे शिक्षण लोकसहभागातूनच उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ मध्ये स्थापिलेली संस्था मूठमूठ धान्यावर वाढली आणि तिचे नाव कोणा धनिकाचे नव्हे, तर रयतेचे राहिले. अलीकडच्या काळातही उदाहरणे कमी नाहीत. मुक्तांगण संस्थेने २००३ पासून वरळीच्या ग्लोब मिल पॅसेज येथील पालिका शाळेत काम आरंभिले, तेव्हा तिने शिक्षिका बाहेरून न आणता भोवतालच्या गिरणगावातील स्त्रियांनाच शिकवून तयार केले. आकांक्षा फाउंडेशन मुंबई व पुणे महापालिकांच्या इमारतींत शाळा चालविते. 'प्रथम' ही संस्था १९९५ च्या सुमारास मुंबईच्याच वस्त्यांत बालवाड्या घेऊन उभी राहिली. कोणाच्या घराची ओटी, कोणाचे देवालय, जेथे जागा मिळेल तेथे वस्तीतीलच एखादी तरुणी मुले जमवून बसे. ह्या कामांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु आदर आणि डोळसपणा ह्यांचे वैर नसते.

ह्याच 'प्रथम'च्या अनुभवातून आमच्या मुद्द्याचा सर्वांत बळकट पुरावा मिळतो. मुंबई व बडोदे येथील पालिका शाळांत तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळे काढून वस्तीतीलच एखादी तरुणी, 'बालसखी', शिकवीत असे. २००१ ते २००३ ह्या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या उपक्रमाची शास्त्रीय पाहणी केली. ह्यांपैकी पहिल्या दोघांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाहणीचा निष्कर्ष दुहेरी होता. मुलांची, विशेषतः अगदी मागे असलेल्या मुलांची, प्रगती स्पष्ट दिसली. उच्च पदव्या नसलेल्या, अल्प मानधनावर काम करणाऱ्या मुलींनी ती घडवून आणली. पण उपक्रम संपून एक वर्ष लोटल्यावर पुन्हा तपासले, तेव्हा त्या प्रगतीचा बराचसा भाग ओसरलेला आढळला. काही उरले होते, पण थोडेच.

ह्या दोन वाक्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिले वाक्य सांगते, की बाहेरचा हात खरोखर उपयोगी पडतो. तेव्हा मदत झिडकारणारे चुकतात. दुसरे वाक्य सांगते, की हात काढून घेतला की लाभ ओसरतो. तेव्हा पाच अगर दहा वर्षांच्या करारावर शाळेचे भवितव्य सोपविणारेही चुकतात. उपक्रम येतात आणि जातात. संस्थांचे अग्रक्रम बदलतात, कंपन्यांचे नफे आटतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. ह्या सर्व ये-जा करणाऱ्यांमध्ये शाळेपाशी कायम राहतात ते दोघेच: शिक्षक आणि पालक. जो उपक्रम ह्या दोघांच्या हाती काही सोपवून जातो तोच टिकतो. बाकीचे भिंतीवरच्या रंगासारखे. दोन पावसाळे गेले, की पोपडे धरतात.

मग पालकांना स्थान आहे कोठे? कायद्यात ते आहे आणि चांगले भक्कम आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले. तिच्यातील किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे होत. म्हणजे ज्या बाईला आम्ही भांडी नीट घासली नाहीत म्हणून बोल लावतो, ती कायद्याने एका सार्वजनिक संस्थेची कारभारीण असू शकते. हे पुष्कळांस ठाऊक नाही. कित्येकदा त्या बाईलाही नसते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळणे योग्य नव्हे. अशा समित्या पुष्कळदा कागदावरच असतात. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ह्याच अभ्यासकांच्या वर्तुळाने केलेल्या पाहणीत असे दिसून आले, की ग्राम शिक्षण समितीचे काही सदस्य आपण सदस्य आहोत हेच जाणत नव्हते. आणि गावकऱ्यांना समितीचे अधिकार समजावून सांगणाऱ्या सभा घेतल्यानेही शाळेच्या कारभारात काही फरक पडला नाही. फरक पडला तो जेथे गावातील तरुणांना मुलांस वाचन शिकविण्याचे साधे तंत्र देऊन प्रत्यक्ष कामास लावले तेथे. मग समित्यांवर भिस्त का ठेवावी, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर असे, की माणसे केवळ माहितीने हालत नाहीत; त्यांच्या हाती प्रत्यक्ष काम अगर प्रत्यक्ष निर्णय असावा लागतो. अमेरिकेतील शिकागो शहराने १९८८ च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेस स्थानिक परिषद दिली. सहा पालक, दोन नागरिक, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक अशी तिची रचना. आणि मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार त्या परिषदेस. तेथेही सर्व शाळा सुधारल्या असे नाही. पण पालक सभेस येऊन नुसती सही करून जात नाहीत, कारण त्यांच्या मतावर काहीतरी अडून असते. आमच्या समित्यांपुढे अडून राहते ते फक्त हजेरीचे पुस्तक.

मीरा-भाईंदरच्या नागरिकांस तर ह्या प्रश्नाचे गांभीर्य अधिकच जाणवावयास हवे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ ह्या महापालिकेस लोकनियुक्त सभागृहच नव्हते. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. ह्या काळात शाळेविषयी तक्रार घेऊन कोणा नगरसेवकाच्या दारी जाण्याचीही सोय नव्हती. पालिकेच्या संपूर्ण यंत्रणेत सामान्य माणसाला कायद्याने बसावयास मिळालेली खुर्ची एकच उरली होती, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीत होती. लोकशाहीचा दिवा वरच्या मजल्यावर विझला असता तळमजल्यावर जी पणती तेवत राहू शकते, तिच्यात तेल घालण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

तेव्हा महापालिकेने काय करावे? आमच्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांना फारसा पैसाही लागत नाही. पहिली गोष्ट, कोणतीही संस्था, कंपनी अथवा दाता शाळेत काम करू इच्छित असेल, तर त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या ठरावावाचून करारावर सही होऊ नये. संगणक हवेत की स्वच्छतागृहास पाणी हवे, हे मुलांच्या आया मुख्यालयापेक्षा चांगले सांगू शकतील. दुसरी गोष्ट, मुदत संपल्यावर काम कोण चालविणार, हे करारातच लिहिलेले असावे. ज्या उपक्रमास ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्यास नम्र नकार द्यावा. तिसरी, स्वयंसेवक अगर संस्थेचे कार्यकर्ते हे शिक्षकास पूरक असावेत, पर्याय नव्हेत. प्राथमिक वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि पुढे प्रत्येक ३० मुलांमागे एक, हे कायद्याचे प्रमाण पाळण्याचे कर्तव्य कोणाच्याही देणगीने फिटत नाही. चौथी, वर्षातून एकदा प्रत्येक भागीदार संस्थेने आपल्या कामाचा हिशेब पालकसभेपुढे वाचावा, आणि तो पालकांना कळणाऱ्या भाषेत वाचावा. पाचवी गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण सर्वांत महत्त्वाची: समितीच्या बैठका रविवारी अगर सायंकाळी घ्याव्यात. मजुराने अर्धा दिवसाची मजुरी बुडवून सकाळी अकरा वाजता सभेस यावे आणि न आल्यास त्यास उदासीन म्हणावे, हा न्याय नव्हे. सहावी व शेवटची, शाळेच्या पाटीवर गावाचे अगर पाड्याचेच नाव राहावे. दात्याचे नाव कृतज्ञतेने आत लिहावे, दारावर नको. दारावरचे नाव मालकाचे असते.

आता आमच्या वर्गाविषयी थोडे. १८८२ मध्ये महात्मा फुले ह्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. नामदार गोखले ह्यांनी त्यासाठी १९११ मध्ये विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांनी ह्या मार्गावर पाऊल टाकले. ह्या दीर्घ लढ्यात सुशिक्षित मध्यमवर्ग कोठे ना कोठे होता. कारण त्या काळी नगरपालिकेची शाळा ही त्याच्याही मुलांची शाळा होती. आज ती राहिलेली नाही. आमच्यापैकी ज्यांचे आईबाप पालिकेच्या शाळेत शिकले, त्यांनी आपल्या मुलांना तिची पायरी दाखविलेली नाही. ह्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. आपल्या मुलाचे हित पाहणे हा अपराध नव्हे. परंतु ज्या क्षणी आमची मुले त्या शाळेतून निघाली त्या क्षणी आमचा आवाजही तेथून निघून गेला, आणि मागे राहिले ते ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही असे लोक. शाळांची अवस्था बिघडण्यास हेही एक कारण आहे, हे मान्य करण्याइतका प्रांजळपणा आमच्या अंगी असावा.

मुले परत पाठवा असा उपदेश आम्ही करीत नाही. तो कोणी मानणार नाही, आणि न मानला जाणारा उपदेश करणे हा वेळेचा अपव्यय होय. आमची मागणी त्याहून फार लहान आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना त्यांचे मूल कोणत्या शाळेत जाते, एवढे विचारावे. त्या शाळेच्या समितीवर त्या असतील, तर बैठकीच्या दिवशी त्यांना दोन तासांची रजा द्यावी आणि त्या रजेचे पैसे कापू नयेत. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या पहारेकऱ्यासही हीच सवलत द्यावी. संस्थेच्या वार्षिक सभेत तसा ठराव करण्यास पाच मिनिटे पुरतात. ज्यांना निवृत्तीनंतर वेळ आहे त्यांनी आठवड्यातून दोन तास मुलांस गोष्टी वाचून दाखवाव्यात. परंतु समितीला विचारून, आणि वर्षभर नेमाने. एक दिवस वह्या वाटून, मुलांसोबत छायाचित्र काढून परतणाऱ्यांची तेथे गरज नाही.

कोट्यवधींच्या दत्तकविधानांपुढे ही दोन तासांची पगारी रजा हास्यास्पद वाटेल. तिने शिक्षकांची पदे भरली जाणार नाहीत, की गळके छप्परही दुरुस्त होणार नाही. पण त्या दोन तासांत एक आई सभेत बसेल आणि शिक्षक का कमी आहेत, छप्पर कधी दुरुस्त होणार, असे विचारील. तिच्या प्रश्नाला उत्तर देणे ज्या दिवशी पालिकेस भाग पडेल, त्या दिवशी शाळेला मायबाप आहेत हे सिद्ध होईल. पेणकरपाड्याच्या रस्त्यावरून उद्या सकाळी त्या दोन मिरवणुका पुन्हा निघतील. निदान दुसरीकडे आपण एकदा मान वळवून पाहावे, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.